सहा वायरींची ओळख परेड

ती घटना आठवली की आजही मी हातातलं काम थांबवतो आणि बसल्या खोलीत कसले कसले आवाज आहेत ते ऐकत राहतो. तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावाने भावाला फसवलेलं पाहिलं. पण ज्या तपासाने मला तोंडात बोट घालायला लावलं त्यात ना रक्त होतं, ना हत्यार. होती फक्त एक वायर. दीड मीटर लांब, काळी, भिंतीतल्या प्लगपासून गाण्याच्या मशिनपर्यंत जाणारी.

सेवेचं शेवटचं वर्ष होतं. रत्नागिरीत शहरालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मी मूळचा घाटावरचा, त्यामुळे ठाण्यातले निम्मे लोक माझ्या पाठीमागे मला ‘घाटी साहेब’ म्हणत आणि मला ते माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. एप्रिलचा शेवटचा आठवडा. सकाळची हजेरी झाली, स्टेशन डायरी तपासून सह्या केल्या, चहा आला. तेवढ्यात पांढरी पँट, कडक इस्त्रीचा शर्ट अशा वेषातले एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आत आले. बोटीवर चीफ इंजिनीअर म्हणून आयुष्य काढलेले. समुद्राकडच्या रस्त्याला त्यांचं घर. सगळा परिसर त्यांना चीफसाहेब म्हणायचा. सोबत स्वच्छ अक्षरात लिहिलेला अर्ज होता.

अर्ज असा: माझ्या गाण्याच्या यंत्रणेतील अॅम्प्लिफायरची पॉवर केबल चोरीस गेली असून तिच्या जागी हुबेहूब दिसणारी नकली केबल लावण्यात आली आहे.

मी विचारलं, “नकली आहे हे कशावरून म्हणता?”

“आवाजावरून.”

शेजारी उभे असलेले आमचे हवालदार एकदम खोकले. ते इथलेच, नोकरीची पंचवीस वर्षं याच जिल्ह्यात झालेली, आणि त्यांचा खोकला म्हणजे हसू असतं हे मला ठाऊक होतं.

“किंमत?”

“पंच्याऐंशी हजार. सिंगापूरहून आणलेली. अशा दोन आहेत माझ्याकडे. एक अॅम्प्लिफायरला, एक सीडी प्लेअरला. प्लेअरची आहे तिथे आहे. अॅम्प्लिफायरची बदललीये.”

आता मलाच चहाचा ठसका लागला. खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. माणसाचं डोकं फिरलंय की काय, असंही वाटून गेलं. पण चीफसाहेब हसत नव्हते. ते म्हणाले, “इन्स्पेक्टरसाहेब, तीस वर्षं मी इंजिनरूममध्ये नुसत्या आवाजावरून कुठला बेअरिंग जाणार ते सांगत आलोय. माझं गाणं गेलं हो. सीडीवरची बाई गायची तेव्हा समोर बसल्यासारखी वाटायची. आता ती गोधडी पांघरून गाते.”

संशय कोणावर, तर वायरमनवर. दोनतीन आठवड्यांपूर्वी त्यांनी गाण्याच्या खोलीत मीटरपासून वेगळी लाइन आणि नवा बोर्ड बसवून घेतला होता. वायरमन त्या खोलीत दोन तास एकटा होता. त्याने ती वायर काढली, हातात घेऊन पाहिली, किंमत विचारली, काम झाल्यावर परत लावली. त्याच आठवड्यात आवाज गेला. अन्य कोणीही त्या मशिनला हात लावलेला नाही. चीफसाहेबांचा हिशेब सरळ होता.

ते गेल्यावर हवालदार म्हणाले, “साहेब, आपल्याकडं वायर चोरीला जाते ती पंपाची, नायतर डीपीची. गाण्याची वायर पहिल्यांदाच. आणि एक सांगू? त्या वायरमनचा कागद तुमच्याच टेबलावर हाय.”

खरंच होता. वायरमन मालगुंडच्या पुढच्या एका वाडीतला, पण संसार आमच्या हद्दीत. त्याला आखातात, दोह्याला एका कंपनीत इलेक्ट्रिशियनची नोकरी लागली होती, आणि त्यासाठी लागणारी पोलीस पडताळणी आमच्या सहीसाठी थांबली होती. ‘सदर इसमाविरुद्ध कोणताही गुन्हा अथवा चौकशी प्रलंबित नाही’ या ओळीखाली मी सही करायची होती. चीफसाहेब अर्धा तास उशिरा आले असते तर सही करून मोकळा झालो असतो. आता हात थांबला. मी कागदावर शेरा लिहिला, ‘चौकशी सुरू’, आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

तो शेरा लिहिताना मी क्षणभरही विचार केला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन दिवसांत खबर आली. बाजारातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने हवालदारांना सांगितलं, की या वायरमनने त्याच्याकडून जाड तीन कोअरची केबल नेली आहे, आणि तिच्यावर चढवायची काळी जाळीसुद्धा. “असलं कापड चढवून वायर कोण वापरतो?” दुकानदार म्हणाला. आता माझे कान टवकारले. आम्ही वायरमनच्या घरी गेलो. टीव्हीमागे एक वायर निघाली: दीड मीटर, काळी, जाळीदार. पंचनामा करून ताब्यात घेतली, आणि त्यालाही ठाण्यात आणलं. दारात त्याची बायको उभी होती. तिने ज्या नजरेने आमच्या जीपकडे पाहिलं ती मी विसरलेलो नाही.

चीफसाहेबांना बोलावून वायर दाखवली. त्यांनी हातात घेतली, वजन केलं आणि खाली ठेवली. “ही माझी नव्हे. घरी केलेली आहे. पण जो एक नक्कल घरी करतो तो दुसरी, कारखान्यातली, मिळवूही शकतो. माझी विकली असेल मुंबईला.” घरी मशिनला लागलेली वायर उघडून बघावी म्हटलं, तर तिची दोन्ही टोकं कारखान्यातच सीलबंद. प्रयोगशाळेकडे पाठवायची तर ती कापणार, आणि अहवाल यायला महिने. दोह्याच्या कंपनीने मुदत दिली होती सोमवारची.

चौकशीला मी स्वतः बसलो. चौकशीची माझी एक पद्धत होती. माणसाला हकीकत तीन वेळा सांगायला लावायची आणि मध्ये बोलायचं नाही. खोटं बोलणारा तिन्ही वेळा तेच शब्द त्याच क्रमाने म्हणतो, पाठ केल्यासारखे. खरं बोलणारा मागेपुढे होतो, मध्येच काहीतरी आठवतं, स्वतःलाच दुरुस्त करतो.

वायरमन अडतीस वर्षांचा, सडपातळ, बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. घाबरून त्याची पाचावर धारण बसली होती.

“वायर कशाला बनवलीस?”

“बघायला साहेब.”

“काय बघायला?”

“काका मला तासभर त्या वायरीचं कौतुक सांगत व्हते. म्हणाले, ही लावली की गाणारी बाय समोर येऊन बसते. मी वीस वर्सं वायरींत हात घालतोय साहेब. वायरीतून करंट जातो, बाय कशी येईल? पण काका शिकलेले, जग फिरलेले. मला वाटलं, असेल बा काय तरी. म्हणून तशीच एक बनवली आणि घरच्या स्पीकरला लावली.”

“मग?”

“काय फरक नाय पडला. बायकोनं वेड्यात काढलंन.”

“हे आम्ही दारात आलो तेव्हा का नाही सांगितलंस?”

तो खाली बघून म्हणाला, “पोलीस दारात आले की खरं बोलायचं असलं तरी तोंड उघडत नाय साहेब.”

तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी त्याला आठवलं की केबल आणली त्या दिवशी तो आधी औषधाच्या दुकानात गेला होता. दुसऱ्या वेळी हे नव्हतं. मनातून मला माणूस खरा वाटला. शेवटी त्याने हात जोडले. “साहेब, सोमवारपर्यंत कागद नाय गेला तर ते दुसऱ्याला घेतील. चाळीस झाली की तिकडं कोण विचारत नाय. मला दोन मुली हायत. पुन्हा अशी जागा यायची नाय.”

हवालदार बाहेर आल्यावर म्हणाले, “साहेब, कावळा बसायला नि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय नाय.”

“मग फांदी कशाने तुटली ते सांगा,” मी चिडून म्हटलं. माझा एक स्वभाव आहे, उत्तर नसलं की राग येतो.

शुक्रवारी सकाळी मी चीफसाहेबांच्या घरी गेलो. कौलारू, चिऱ्याचं घर, मागे आंब्याची पन्नासएक झाडं. गाण्याची खोली उत्तरेकडची, घरातली सगळ्यात थंड. मध्ये एकच खुर्ची, समोर माणसाच्या छातीइतके उंच दोन स्पीकर. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि एक जुनी मैफल लावली. कुठल्याशा मंडपात कोणीतरी रेकॉर्ड केलेली.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मी थक्क झालो. तंबोरे डावीकडे एक, उजवीकडे एक. मधोमध, जिथे काहीच नव्हतं, नुसती भिंत होती, तिथून ती बाई गात होती. मी उठून त्या भिंतीवर हात फिरवून बघितला, खोटं नाही सांगत. चीफसाहेब मात्र चेहरा पाडून उभे होते. “हे मेलेलं आहे हो,” ते म्हणाले. “आधी तिचा श्वास ऐकू यायचा. मागे कोणीतरी दाद देतो, तो किती लांब बसलाय ते कळायचं. सगळं गेलं.”

त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं बोलणारी माणसं मी आयुष्यभर बघितली. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आणि ठाण्यात हात जोडणारा तो वायरमनही खोटं बोलत नव्हता. दोन खरी माणसं समोरासमोर, आणि मध्ये माझी एक सही. जीपमध्ये बसल्यावर मला एक गोष्ट सुचली आणि मी मोठ्याने हसलो. ड्रायव्हर दचकला.

आमच्याकडे ओळख परेड असते. संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांमध्ये उभं करायचं आणि साक्षीदाराला ओळखायला सांगायचं. तपास करणारा पोलीस त्या खोलीत थांबत नाही. का? तर आपण तोंड मिटून उभे राहिलो तरी आपले डोळे बोलतात. साक्षीदार माणसांकडे बघण्याआधी पोलिसाकडे बघतो. म्हणून परेड पंचांच्या हाती. म्हटलं, वायरींची परेड घेऊ. कायद्यात तिला काडीची किंमत नाही, पण मला खरं तर कळेल.

शनिवारी सकाळी दहा वाजता आम्ही जमलो. पंच दोन, शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आणि पलीकडचे एक बागाईतदार. वायरी सहा. एक, जिच्यावर संशय ती. दोन, सीडी प्लेअरची, म्हणजे शंभर टक्के अस्सल, तिच्या जागी प्लेअरला साधी लावून. तीन, वायरमनने बनवलेली. चार, आमच्या ठाण्याच्या प्रिंटरची. पाच, मुख्याध्यापकांच्या कॉम्प्युटरची. सहावी कमी पडत होती, तर चीफसाहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणायचे, स्वयंपाकघरातून राईस कुकरची घेऊन आल्या. “तासाभरात परत हवी हं. भात लावायचाय,” त्यांनी बजावलं.

मशिनच्या मांडणीवर पडदा टाकला. चीफसाहेब त्यांच्या खुर्चीत. मुख्याध्यापक पडद्यामागे, त्यांनी चिठ्ठी उचलायची, त्या क्रमांकाची वायर लावायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बागाईतदारांनी उत्तर लिहून घ्यायचं. मी आणि हवालदार खोलीबाहेर. वायरमनला आम्ही घरून बोलावून सोबत आणलं होतं; तो बाहेर ओट्यावर बसून होता. दरवेळी तीच मैफल, तीच दोन मिनिटं. चीफसाहेबांनी इतकंच सांगायचं, अस्सल की नक्कल. सगळ्या वायरींच्या दोन फेऱ्या.

आतून तेच आलाप बारा वेळा आले. मधल्या शांततेत वायरमनच्या चपलेचा अंगठा फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. म्हाताऱ्याने दोन्ही वेळा एक नक्कल आणि दोन अस्सल असं सांगितलं असतं, तर मला त्या ओट्यावरच्या माणसाला आत टाकावं लागलं असतं.

बागाईतदारांनी कागद आणून दिला. पहिल्या फेरीत सहाही वायरींपुढे ‘नक्कल’. अस्सल वायरीपुढेसुद्धा. दुसऱ्या फेरीत पाच नक्कल, आणि एकीपुढे लिहिलं होतं: ‘ही त्यातल्या त्यात बरी.’ ती राईस कुकरची होती.

मी आत जाऊन कागद चीफसाहेबांच्या हातात दिला. वाद घालतील, पुन्हा घ्या म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “अस्सल वायर लावलेली असताना मी नक्कल म्हणालो?”

“दोन्ही वेळा,” मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले.

“मग माझ्या वायरीबद्दलचं माझं म्हणणं बाद. लिहून घ्या, मी सही करतो.” त्यांनी खिशातून पेन काढलं. “पण इन्स्पेक्टरसाहेब, आवाज गेलाय. देवाशपथ सांगतो, गेलाय. मी वेडा नाही हो.”

स्वतःच्या तक्रारीचा पाया स्वतःच्या हाताने खणून काढणारा फिर्यादी मी तोवर बघितला नव्हता आणि त्यानंतरही नाही. माझा त्यांच्यावर पुरता विश्वास बसला तो त्या क्षणी. जो हरल्यावर खोटं बोलत नाही त्याचं पहिलं वाक्यही खरं असणार. आवाज गेला होता. चोर मात्र वेगळा होता.

मी विचारलं, “या तीन आठवड्यांत खोलीत नवीन काय आलं?”

“काही नाही,” चीफसाहेब म्हणाले.

“काही नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “पडदे तेच, दिवाण तोच.”

हवालदारांनी खोलीभर नजर फिरवली. “काय नाय साहेब. जसंच्या तसं हाय.”

मी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसलो. विचार करताना माझी नजर खाली जाते. खाली गेली, आणि मला दिवाणाखाली पेंढा दिसला. वाकून पाहिलं. दिवाणाखाली भिंतीपर्यंत हातभर जाड थर. दोन्ही स्पीकरच्या मागे तसेच थर, वर गोणपाटं. बाजूच्या भिंतीलाही लांबलचक.

“हे काय आहे?”

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी छताकडे बोट दाखवून हे काय असं विचारलंय.

“आढी हाय साहेब,” हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाले. “आंबे पिकायला घातलेत.”

“कधी घातलेत?”

वहिनी म्हणाल्या, “वायरमननं बोर्ड बसवलान ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. दरवर्षी पडवीत घालतो. यंदा माकडांनी पडवीत ठेवू दिलं तर शपथ! म्हटलं, ही खोली थंड आहे, दार बंद असतं. याचं काम होईस्तोवर थांबले आणि मग घातली. पिकतात तसे काढते, नवे घालते.”

“मग मघाशी नवीन काही नाही असं का म्हणालात?”

“अहो, आढी ती काय नवीन?” त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. “चैत्र-वैशाखात सगळ्यांच्याच घरी असते.”

घाटावर आमच्याकडे पेंढा गोठ्यात असतो. गाण्याच्या खोलीत तो असला तर आमच्या माणसाला दिसतो तरी. इथे पाच जाणती माणसं खोलीत उभी होती आणि कुणालाही तो दिसत नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

“काढा,” मी म्हटलं. “सगळं बाहेर.”

मग जो प्रकार झाला त्याची स्टेशन डायरीत नोंद नाही. एक पोलीस निरीक्षक, एक हवालदार, एक मुख्याध्यापक, एक बागाईतदार आणि एक चीफ इंजिनीअर गुडघ्यांवर बसून हापूस गोळा करत होते. “सावकाश! डाग पडेल! तो मऊ झालाय, वेगळा ठेवा!” वहिनी सगळ्यांना दरडावत होत्या. ओट्यावरून वायरमन डोकावला आणि न सांगता पेंढ्याचे भारे उचलायला लागला. माझ्या गणवेशाला काड्या चिकटल्या होत्या. शेवटी केरसुणी फिरली आणि खोली मोकळी झाली.

चीफसाहेब मध्ये उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली.

टाळी खोलीभर फिरली. इतका वेळ आम्ही त्या खोलीत बोलत होतो, पण आमचे आवाज कुठेतरी मुरत होते हे मला त्या टाळीने कळलं. चीफसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी मैफल लावली आणि ते खुर्चीत बसले.

आधी श्वास आला. गाणं सुरू होण्याआधी त्या बाईने घेतलेला श्वास, माझ्यापासून चार हातांवर. मग सूर. तंबोऱ्याच्या तारेवर बोट पडतं तेसुद्धा ऐकू येत होतं. मागे कोणीतरी ‘वाहवा’ म्हणालं, आणि तो मंडपाच्या अगदी शेवटी, उजव्या अंगाला बसलाय हे मला कळलं. मला! ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. ती माणसं जाऊन कित्येक वर्षं झाली असतील. ती सगळी त्या खोलीत येऊन बसली होती आणि आम्ही दाराशी चपला काढल्यासारखे गप्प उभे होतो. हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चीफसाहेब रडत होते. उघड, लहान मुलासारखे. “आली. परत आली. इन्स्पेक्टरसाहेब, कुठे मिळाली हो माझी वायर? तुम्ही कधी लावलीत?”

मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिलं. मग हळूच पडदा बाजूला केला. शेवटच्या चिठ्ठीची वायर अजून तशीच होती. राईस कुकरची.

गाणं चालू होतं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, “अगोबाई! आणि मी भात कशावर लावू?”

चीफसाहेब हसायला लागले, रडता रडता. मग एकदम थांबले. त्यांची नजर दाराकडे गेली होती. दारात वायरमन उभा होता, दोन्ही हातांत पेंढा.

ते उठले. त्याच्यापुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. “मी तुझं नाव घेतलं. चुकलो. क्षमा कर मला.”

वायरमन मागे सरकला. “असं काय करता काका, हात जोडू नका.”

“बस,” ते म्हणाले आणि त्याला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत घरातलंही कोणी बसत नसे, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं. वायरमन काठावर टेकला, हातातला पेंढा तसाच मांडीवर. दोन मिनिटांनी त्याचे डोळे मिटले. पाच मिनिटांनी तो मागे टेकला. गाणं संपल्यावर म्हणाला, “काका, बाय खरंच समोर येऊन बसते.”

मी ठाण्यात येऊन पहिलं काम केलं ते म्हणजे ड्रॉवर उघडला. शेरा खोडला, कारण लिहिलं, सही केली आणि हवालदारांना सांगितलं, कार्यालय बंद व्हायच्या आत हा कागद पुढे गेला पाहिजे. चीफसाहेबांचा जबाब जोडला: आवाजातील बदल खोलीत ठेवलेल्या आंब्यांच्या आढीमुळे झालेला असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरिष्ठ कार्यालयातून नंतर दोनदा फोन आला, आढी म्हणजे काय नेमकं?

लोक मला विचारतात, मग वायरीने आवाजात फरक पडतो की नाही? त्या दिवशी त्या खोलीत तरी पडला नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. पुढचं ज्याने त्याने आपापल्या घरी डोळे बांधून ठरवावं. मला थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीने. चीफसाहेबांचा कान शंभर नंबरी होता. त्यांनी जे ऐकलं ते अगदी खरं होतं, आणि त्यावरून त्यांनी ज्याचं नाव घेतलं तो निर्दोष होता. तोवर मी समजत होतो, की साक्षीदार दोनच प्रकारचे, खरे आणि खोटे. खऱ्याने बोट दाखवलं की माझं काम संपायचं. अशी किती बोटं मी पुढे न विचारता मान्य केली असतील? निवृत्तीच्या उंबरठ्यावर हा प्रश्न पडणं बरं नाही. झोप जाते.

रविवारी संध्याकाळी वायरमन ठाण्यात आला. कागद पोचल्याचा निरोप त्याला मिळाला होता. तो आभार मानायला आला असेल असं मला वाटलं, आणि त्याने मानलेही. मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि अधिकाऱ्याला शोभेल अशा थाटात म्हणालो, “झालं गेलं विसरून जा. आढी इतकी सवयीची असते, की कोणाच्या लक्षात आली नाही. कोणाचाच दोष नाही.”

त्याने चहा संपवला. कप नीट बशीत ठेवला. रागाने नव्हे, अगदी साधेपणाने तो म्हणाला, “व्हय साहेब. हातभर गवत व्हतं, ते कोणाला दिसलं नाय. मी दोन तास व्हतो, मी मात्र सगळ्यांना दिसलो.”

तो जायला निघाला तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि तो फाटकाबाहेर पडेपर्यंत उभा राहिलो. संशयित म्हणून आणलेल्या माणसासाठी असं मी तेहतीस वर्षांत पहिल्यांदा केलं.